बिबड्यांचं पान

सध्या आमच्या वसतिगृहाच्या मागच्या गच्चीवर कुणीतरी बिबडे घालतंय. दिसत कुणी नाही, मध्ये पाण्याची टाकी आहे. पण पहाटे अभ्यासाला खिडकी उघडली की लसूण, जिरं आणि शिजलेल्या आंबूस ज्वारीचा वास आत येतो, आणि पुस्तकातली ओळ तिथेच राहते. माझी खोलीतली मैत्रीण रावेरची. ती झोपेतच म्हणते, "लाव ना खिडकी. भूक लागते." मी लावते. मला भूक लागत नाही. माझे कान गरम होतात.

वासाची लाज वाटते हे ऐकून कुणीही हसेल. तसं घडलं तरी काय? कुणी मला बोललं नाही, भांडण झालं नाही. एका उन्हाळ्यात मी एक वेब पेज तयार केलं, ते नीट चाललं नाही, मग ते दुरुस्त केलं. पण जळगावात ऊन तापायला लागलं की तो उन्हाळा परत येतो. यंदा तर जास्तच, कारण आमच्या पेपरात त्याच विषयाचं प्रकरण आहे. वेबवरचं पान वापरणाऱ्याला कसा अनुभव येतो आणि त्यामुळे ते इंटरनेटवरच्या शोधात वर कसं येतं, असं काहीसं. मैत्रीण मुद्दे पाठ करते. मला ते पाठ करावे लागत नाहीत. एकेक मुद्दा वाचला की कुणाचा तरी चेहरा समोर येतो, आणि मी पान उलटते.

ज्यांनी बिबडे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी भिजत घालायची, आंबली की धुऊन वाळवायची, दळायची, चाळायची. मग पहाटे अंधार असतानाच चुलीवर मोठं पातेलं चढतं. उकळत्या पाण्यात लसूण, मिरची, जिरं, तीळ, मीठ, आणि मग ते पीठ. हे शिजून दाट होतं त्याला घाटा म्हणतात. ऊन चढायच्या आत तो ओल्या कापडावर, पाण्याच्या हाताने, गोल आणि पातळ थापायचा. वाळला की कापड उलटं करून मागून पाणी शिंपडायचं आणि बिबडा अलगद सोडवायचा. नव्या हाताकडून तो फाटतो. माझ्याकडून अजूनही फाटतो.

धुळ्याला आमच्या घराशेजारी सुमनअक्कांची गच्ची आहे. अक्का साठीच्या पुढच्या, आवाज असा की खालच्या रिक्षावाल्यालाही वाटतं आपल्यालाच हाक मारली. उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर आमच्या गल्लीतल्या पाच-सहा बायका जमतात. माझी माय त्यांतलीच, आणि लताकाकू. त्या गच्चीचा एक रिवाज आहे. घाटा उतरला की जो कुणी जिना चढून येईल त्याच्या हातावर आधी घाट्याचा गोळा ठेवायचा, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल. मग तो मीटर बघायला आलेला असो की पत्ता चुकलेला. नाव काय, कशाला आलात, हे सगळं मागाहून. कुणी घाई केली तर अक्का दटावायच्या, "त्यानं तोंड भरेल शे, तो बोली कसा?"

हे सगळे बिबडे दर वर्षी बाजारातल्या एका शेठकडे जायचे. तो ते आपल्या नावाच्या पिशव्यांत भरायचा. चाळीसगावला एका लग्नात लताकाकूंच्या ताटात बिबडा वाढला गेला, आणि काठ पाहूनच त्यांनी ओळखलं, हा आपल्याच हातचा. वाढणारी म्हणाली, घ्या ना काकू, धुळ्याच्या शेठकडचे आहेत, फार नाव आहे त्यांचं. लताकाकू घरी येऊन हे हसत हसत सांगत होत्या. गच्चीवर मात्र कुणी हसलं नाही. अक्का बराच वेळ कापड झटकत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"काय वो कॉलेजवाली, आम्हनं नाव मोबाईलमा दखाडशी का?"

मी हो म्हटलं. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीला जळगावहून एसटीने घरी आलेली. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, त्यामुळे माझं हो म्हणजे पक्कं हो असं सगळ्यांनी धरलं. अक्कांनी त्याच संध्याकाळी शेठला निरोप धाडला, यंदा माल येणार नाही. सगळ्यांनी मिळून चिठ्ठ्या छापून घेतल्या. प्रत्येक पिशवीवर जिने बिबडे थापले तिचं नाव. माझ्या मायचं नाव लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदाच छापून आलं होतं. तिने एक चिठ्ठी देव्हाऱ्याजवळ चिकटवली. आता पावसाच्या आत हे सगळं विकलं जायला हवं होतं, नाहीतर हवा दमट झाली की बिबडे नरमतात, आणि मग पुन्हा शेठकडे जाणं आलं.

मी पान केलं, ते फार मनापासून. कसं ते आज आठवलं की उठून पाणी प्यावंसं वाटतं. उघडल्याबरोबर सातपुड्यावरच्या सूर्योदयाचा मोठा फोटो, सरकणारा. त्यावर एक चौकट, "आधी आपला मोबाईल नंबर द्या." ती गेली की दुसरी, "आम्ही आपल्याला सूचना पाठवू का?" मग तिसरी, "आपण कुठे आहात ते कळू द्या." हे मी मोठ्या मोठ्या दुकानांच्या पानांवर पाहिलं होतं. मला वाटलं, असं विचारलं की आपणही मोठे वाटतो. अक्षरं बारीक आणि फिकट राखाडी ठेवली होती, कारण ती वसतिगृहातल्या खोलीत, पंख्याखाली फार सुंदर दिसत. बटणांवर इंग्रजी, कारण मराठी बटण मला गावंढळ वाटलं होतं. बिबड्यांचा फोटो शोधायचा तर पार खाली जावं लागे.

नेटवर शोधून पाहिलं तर आमचं पान सुरुवातीला निकालांच्या दुसऱ्या पानावर कुठेतरी दिसलं. मी ते अक्कांना दाखवलं. मग ते खाली खाली गेलं. मागणी एकही आली नाही. मी घाबरले, आणि घाबरल्यावर जे करू नये तेच केलं. शोधात वर यायचं तर शब्द हवेत, असं मला वाटायचं. म्हणून मी सगळीकडे लिहिलं, धुळ्याचे बिबडे, जळगावचे बिबडे, खान्देशी बिबडे, घरगुती बिबडे, अस्सल खान्देशी घरगुती बिबडे धुळे जळगाव. ते वाचून दाखवलं तर लताकाकू म्हणाल्या, "हाई काय शे वो? मंत्र म्हणी ऱ्हायनी का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग जाऊन आणखी एक परिच्छेद तसाच लिहिला.

सरांना फोन केला. आमचे वेब शिकवणारे सर शांत माणूस. त्यांनी बोलता बोलताच पान उघडलं. मग म्हणाले, "तुझ्या पानावर आलेला माणूस काय करतो, ते कधी पाहिलंस का? आकडे नको सांगूस. शेजारी बसून पाहिलंस का?"

मी पाहिलं नव्हतं. मी रोज त्याच बायकांबरोबर बसत होते आणि मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी थापून झाल्यावर मी गच्चीवर सगळ्यांना म्हटलं, आपलं पान तुम्ही उघडा, मी काही बोलणार नाही. वर ऊन मी म्हणत होतं. लताकाकूंनी फोन धरला, हाताचा आडोसा केला, डोळे बारीक केले. पान येईना. आलं तर सूर्योदय आला. चौकट आली. त्यांनी ती बंद करायला बोट टेकवलं तेवढ्यात वरचा फोटो भरून आला, सगळं पान खाली सरकलं आणि बोट भलत्याच ठिकाणी पडलं. त्या म्हणाल्या, "मना मोबाईल जुना शे ना, म्हणीसन." अक्कांनी प्रयत्न केला, काहीच वाचता येईना. "मना चष्माना नंबर वाढना व्हई," म्हणून त्यांनी फोन मायकडे दिला. मायने आधी हात पदराला पुसले. नंबर मागितला होता म्हणून तिने नंबर घातला, फार सावकाश, एकेक आकडा मनात म्हणत. तिचा एक आकडा राहिला असणार. पान लाल झालं. माझं मीच लिहिलेलं वाक्य लाल अक्षरांत आलं, "चुकीची माहिती."

मायने फोन माझ्यासमोर चटईवर ठेवला, जणू गरम भांडं ठेवावं. "मना बोटंच जाड शेतस," ती म्हणाली. "मनाकडथून नही व्हस."

पान वाईट आहे असं त्यांतल्या कुणीच म्हटलं नाही. एकीने फोनला दोष दिला, एकीने डोळ्यांना, एकीने बोटांना. आणि मला ते इतकं ओळखीचं वाटलं की मी मान वर करू शकले नाही. मी कॉलेजला प्रवेश घेताना माय आणि मी एका नेट कॅफेत बसलो होतो. अर्ज भरता भरता पान मध्येच लाल व्हायचं आणि सगळं पुसलं जायचं. काय चुकलं ते सांगायचं नाही. कॅफेवाला येऊन जाऊन आमच्याकडे बघत होता. माय हळूच म्हणाली होती, "आपलं काम नही वो हाई बेटा. चाल घर." मी तेव्हा त्या पानावर रागावले नाही. मी स्वतःलाच ढ समजले. पुढे कॉलेजात शिकले, आणि पहिलंच पान केलं ते त्याच जातीचं.

मी तशीच बसलेली असताना जिन्यावर बांगड्या वाजल्या. एक बाई धापा टाकत वर आल्या. त्या नसीमआपा, जुन्या धुळ्यात त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे, हे आम्हाला नंतर कळलं. आधी अक्कांनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या हातावर उरलेला घाटा ठेवला. त्यांनी तो उभ्यानेच खाल्ला, बोटं चाटली, आणि मग कमरेवर हात ठेवून विचारलं, "वो मोबाईलवाली दुकान इथंच आहे ना? कोणी केली ती?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बेटी, तुझ्या दुकानात माल कुठं हाय? पहिले नंबर मागते, मग म्हणते घंटी वाजवू का, मग म्हणते तुम्ही राहता कुठं. मी म्हटलं, या अल्ला, मला बिबडे घ्यायचेत, सोयरीक नाही करायची! केलं बंद. खाली गल्लीचं नाव दिसलं होतं तेवढं, तर विचारत विचारत आले. माझी नणंद पिंपळनेरला, तिला पाहिजेत."

गच्ची हसून हसून लोटपोट झाली. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माय तोंडाला पदर लावून हसत होती. आपाही हसत होत्या, त्यांचा राग नव्हताच. मी हसायचा प्रयत्न केला. माझ्यासमोर एक बाई घाटा खाऊन उभी होती आणि तिचं नावही अजून कुणी विचारलं नव्हतं. आणि मी ह्याच गच्चीचं दार म्हणून जे बनवलं होतं, त्यावर मी तीन पहारेकरी बसवले होते. नसीमआपा चढून आल्या. ज्या चढून आल्या नाहीत, त्या किती, हे मला कधीच कळणार नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मी गच्चीवरच पान दुरुस्त करत बसले, उन्हात, मुद्दाम. चौकटी काढल्या. सूर्योदय काढला. पहिल्यांदा बिबड्यांचाच फोटो, लहान केलेला, लगेच येणारा, आणि त्याची जागा आधीच राखलेली, म्हणजे पान हलणार नाही. अक्षरं काळी आणि मोठी. बटण मराठीत आणि मायच्या अंगठ्याएवढं. मंत्र पुसले, त्याऐवजी लोक जे खरंच विचारतात ते लिहिलं. बिबडे तळायचे की भाजायचे, तिखट किती, किती महिने टिकतात. नंबर आता फक्त मागणी देताना, आणि त्यात आकडा राहिला तर लाल होण्याऐवजी पान म्हणतं, "एक आकडा राहिला वाटतं, पुन्हा पाहता का?" हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळ लिहीत बसले होते. एकेक बदल झाला की फोन फिरायचा, आणि मी बायकांच्या बोटांकडे बघत राहायचे. त्या अडल्या की मी शिकवायचे नाही. पानच बदलायचे.

पेपरात लिहायचं झालं तर इथे मी लिहीन की पान किती लवकर दिसतं, दिसताना हलतं का, बोट टेकवल्यावर लगेच ऐकतं का, हे शोधयंत्रं पाहतात, आणि माणसाच्या उपयोगाचा मजकूर वर यावा असा त्यांचा प्रयत्न असतो. दारातून परतणाऱ्या माणसांचं ती नेमकं काय मोजतात, हे छातीठोकपणे सांगणारा मला कुणी भेटलेला नाही, सरसुद्धा नाहीत. पण पान वर आलं एवढं खरं. हळूहळू आलं. शोधात वर यायला वेळ लागतो. आभाळाला ते माहीत नव्हतं.

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, झाली, माहेरवाशिणी परत गेल्या, झोके उतरले. मागण्या यायला लागल्या होत्या, पिंपळनेरच्या नणंदेच्या शेजारणींनीही मागवले, पण पिशव्यांचे डबे निम्म्याहून जास्त भरलेलेच होते. हवा चिकट झाली. एका दुपारी अक्कांनी रिक्षा बोलावली. माय आणि मी डबे घेऊन मागे बसलो.

शेठ चांगलंच बोलले. "या अक्का, या. मी म्हटलं, यंदा तुम्ही मोबाईलवाल्या झाल्या, आता आमच्याकडे कशाला येता!" पाणी दिलं, चहा मागवला. मग एक पिशवी उचलून पाहिली. "हे कागद तेवढे काढून द्या."

तर आम्ही त्यांच्या दुकानात खाली बसून चिठ्ठ्या काढत बसलो. माझ्या हातून पिशव्या फाटत होत्या. माय बोट पाण्यात बुडवून चिठ्ठी ओली करायची, थोडं थांबायची, मग एका कोपऱ्यातून ती अलगद, अख्खी सोडवायची. तिचं नाव, लताकाकूंचं, अक्कांचं. सगळ्या ओल्या चिठ्ठ्या तिने एकावर एक ठेवल्या होत्या. शेठने सहज विचारलं, "कोणी डोक्यात घातलं होतं हे तुमच्या?" मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "कोण घालणार? हौस आमचीच होती. पोरीने तर फार मेहनत केली." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला आजही सोसत नाही.

मला वाटलं होतं, त्या मला बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. परतताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "पुढल्या साले पाह्यलापाईन करसूत." पुढच्या वर्षी पहिल्यापासून करू. म्हणजे त्यांचं धाडस मोडलं नव्हतं. मोडलं होतं मायचं. गेल्या उन्हाळ्यात पान वर होतं, कुणी खान्देशी बिबडे शोधले की आम्ही पहिल्या चार-पाचांत दिसत होतो, अर्धा माल आमच्याच नावाने गेला. पण मागण्या लताकाकू बघायच्या. फोन वाजला की माय लांब सरकायची. कधी एखादी मागणी तिलाच पाहावी लागली तर ती लगेच जळगावला मला फोन करायची, आणि पहिलं वाक्य तेच, "मनं काही चुकनं तं नही ना?" मी म्हणायचे, नाही माय, बरोबर आहे. तिला ते खरं वाटायचं नाही. पान मी दुरुस्त केलं होतं. पण त्या लाल अक्षरांनी तिला जे शिकवलं होतं ते पुसायचं बटण मला कुठे सापडत नव्हतं.

यंदा शेठला पुन्हा निरोप गेला, माल येणार नाही. ह्या खेपेला एकही डबा येणार नाही. मी परीक्षेमुळे इथेच अडकलेली. गेल्या आठवड्यात लताकाकूंनी नव्या बिबड्यांचे सुंदर फोटो पाठवले. मी अभ्यासाच्या गडबडीत होते, ते आहेत तसे पानावर चढवले आणि पुस्तक उघडलं.

काल सकाळी मायचा फोन आला. मी सवयीने म्हणणार होते, नाही माय, बरोबर आहे. पण तिचा आवाज अक्कांसारखा चढलेला होता.

"काय करी ठेवं तू? पान उघडी नही ऱ्हायनं."

"तुझ्या फोनला रेंज..."

"मना मोबाईल चांगला शे. मी लताना मोबाईलवरबी दखं, नसीमआपाले इचारं. बठ्ठास्नं तसंच. तुनंच काहीतरी चुकनं."

माझंच चुकलं होतं. फोटो लहान करायचे राहिले होते, एकेक फोटो उतरायला युग लागत होतं. मी अभ्यासाचं सांगायला लागले, पेपर परवाच आहे, रात्री करते.

"रातले? आनि तवलोक लोके उनात उभा ऱ्हातीन का? उठ."

मी उठले. कॉम्प्युटर उघडला, फोटो एकेक करून लहान करत गेले. माझे कान गरम झाले होते, नेहमीसारखेच, पण मला हसूही येत होतं आणि ते तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन लांब धरला होता. मैत्रिणीने उशीवरून विचारलं, कोण रागावतंय एवढं? मायने फोन ठेवला नव्हता. पलीकडे ती कुणाला तरी सांगत होती, "थांब, पोरगी करी ऱ्हायनी. तिनी चूक शे."